बोलका व्हॉल्व्ह

१

सकाळी आमच्या घरात आधी दिवा लागतो, मग कॉफी उकळते आणि मग व्लास्ताचं कथील तापतं. संत पेट्काची तसबीर पूर्वेच्या कोपऱ्यात आहे. तिच्यापुढच्या लाल काचेच्या दिव्यात मी तेल घालते, वात सारखी करते, माझी प्रार्थना पुटपुटते. तोवर माझा नवरा कपाळावर चढवलेला चष्मा टेबलभर शोधत असतो.

"तुझ्या पेट्काला विचार, कुठे ठेवलाय."

"पेट्का म्हणते, डोकं असेल तर तिथे बघ."

व्लास्ता आमच्या सर्बियातल्या निश शहरात, रेडिओच्या काचेच्या व्हॉल्व्हच्या कारखान्यात होता. कारखाना मिटला, माणसं पांगली, आणि हा स्वयंपाकघरातलं अर्धं टेबल अडवून बसला. उरलेल्या अर्ध्यावर मी कणीक मळते. जुने व्हॉल्व्हचे रेडिओ, ॲम्प्लिफायर, लाकडी पेटीतले ग्रामोफोन लोक त्याच्याकडे घेऊन येतात. कुणाला दुरुस्ती हवी असते, कुणाला नुसती किंमत. व्लास्ता मिस्त्रीनं सांगितलेली किंमत म्हणजे बेलग्रेडचं गिऱ्हाईकसुद्धा पुन्हा तपासत नाही.

व्हॉल्व्ह म्हातारा झाला की त्याच्या आतल्या तारा सैल होतात. मग त्याला बोट लागलं, नाहीतर शेजारी नुसती कपबशी ठेवली, तरी स्पीकरमधून टण्ण आवाज येतो. खोलीतलं सगळं तो ऐकतो आणि बोलून दाखवतो. अशाला आम्ही 'बोलका' म्हणतो. बोलक्याची किंमत पडते. टिचकी मारूनही गप्प राहतो तो 'मुका', आणि भाव मुक्याला.

टिचकी व्लास्ता मारतो, पेन्सिलीच्या रबराच्या टोकानं. ऐकते मी. कारखान्यातल्या गोंगाटानं त्याचे कान नेले. डावा तर पार गेला, उजव्याशी ओरडलं तर पोचतं. लेकीनं नोवी सादहून कानात घालायचं यंत्र आणून दिलंय, ते खोक्यासकट कपाटात पडून आहे. "माझे कान तू आहेस की," म्हणतो. "त्यांना बॅटरी लागत नाही, फक्त कॉफी लागते."

"बोलतो का गं?" तो विचारतो. मी एकतर मान डोलावते, नाहीतर हलवते. आमचा संसार या एका प्रश्नावर चाललाय म्हटलं तरी चालेल.

त्या शरदात त्याच्या हृदयाचं ऑपरेशन ठरलं होतं, पेट्काचा सण झाला की लगेच. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "धोका आहे, काकू. पण न करण्यात जास्त आहे." बुधवार-शुक्रवार मी तसंही उपासाचं, तेलाशिवायचं खाते. आता सोमवारही धरला. ते पाहून व्लास्ता म्हणाला, "तूच एकटी नवस बोलतेस होय? मी वाचलो तर ते यंत्र कानात घालीन. जा, सांग तुझ्या पेट्काला."

२

लेपोसावाबाईंनी रेडिओ आणला तो टॅक्सीतून, गोधडीत गुंडाळून, लहान मूल आणावं तसा. काळा रुमाल, काळा कोट. नवरा जाऊन फार दिवस झाले नव्हते. त्यांच्या पुतण्याच्या ओळखीचा एक व्हिएन्नाचा माणूस असल्या वस्तू घेतो, म्हणून व्लास्ताकडून किंमत हवी होती.

रेडिओ मोठा, अक्रोडाच्या लाकडाचा. काचेवर शहरांची नावं, आणि वर मधोमध तो हिरवा डोळा. स्टेशन जवळ आलं की मिटत येतो, दूर गेलं की उघडतो, तसला.

"उघडा, पुसा, काय बदलायचं ते बदला," लेपोसावाबाई म्हणाल्या. "पण ह्यांचा चाळिसाव्या दिवसाचा विधी होईपर्यंत वाजवू नका, मिस्त्री. दुःखाच्या घरचा आहे."

"हो हो, छान लाकूड आहे," व्लास्ता म्हणाला. त्याला काही ऐकू गेलं नव्हतं. मीच मान डोलावली.

नंतर मी त्याच्या उजव्या कानाशी सगळं पुन्हा सांगितलं, तर तो वैतागला.

"न वाजवता किंमत सांगू? न चाखता सूप खारट आहे का ते कळतं का तुला?"

"उपासाच्या दिवशी न चाखताच करते मी सूप."

"म्हणूनच ते तसं लागतं."

दोन दिवस तो त्या उघड्या रेडिओपुढे नुसता बसून राहिला. कंडेन्सर बदलून झाले, कथलाचे डाग देऊन झाले, धूळ ब्रशनं काढून झाली. मग त्याचा चेहरा उतरायला लागला. ऑपरेशनचा विचार रिकाम्या हातांवरच येऊन बसतो, हे मला दिसत होतं. म्हणून मीच वाट काढली. एरियल लावायचं नाही. एरियल नाही म्हणजे स्टेशन नाही, स्टेशन नाही म्हणजे गाणं नाही, आणि गाणं नाही तर सुतक कसं मोडेल? नुसती गुणगुण तर होईल, ती तर फ्रीजही करतो.

हिशेब बरोबर वाटला होता मला.

जुन्या रेडिओला एकदम पूर्ण वीज देत नाहीत. खूप दिवसांच्या उपाशी माणसाला घोटघोट पेज पाजावी, तशी चढवत नेतात. व्लास्तानं सकाळपासून ती चढवत नेली. दुपारी हिरवा डोळा उघडला. काचेमागे व्हिएन्ना, सोफिया, बुडापेस्ट उजळले. स्पीकरमध्ये खोलसं काहीतरी भरून आलं. आवाज नव्हे, शेजारच्या खोलीचं दार उघडं राहिल्यावर येते तशी पोकळी.

व्लास्तानं पेन्सिल घेतली. पहिला व्हॉल्व्ह, दुसरा, तिसरा. टिचकी, टिचकी.

"बोलतो का गं?"

मी मान हलवली. मुका. सगळेच मुके.

"सगळे?" त्याचा चेहरा असा फुलला की माझाही फुलला. "अगं, या वयाचे सगळे मुके म्हणजे सोनं! व्हिएन्नावाला गुडघे टेकेल." आणि तो हात धुवायला गेला.

मी भाजलेल्या मिरच्यांच्या बरणीचं झाकण टेबलावर ठेवलं.

स्पीकर म्हणाला, टण्ण.

३

पहिल्यांदा वाटलं, झाकण जड आहे. मग चमचा ठेवून पाहिला. टण्ण. बोट टेकवलं, टण्ण. सपाता फरशीवर घासल्या तर स्पीकरातही कुणी सपाता घासल्या. मांजर खिडकीतून उतरलं, ती चार पावलंसुद्धा आत उतरली. इतका बोलका व्हॉल्व्ह मी आयुष्यात ऐकला नव्हता.

व्लास्ता परत आला. खुर्ची ओढली. ती ओढताना किती कर्कश वाजते मला माहीत आहे, खालचे शेजारी तक्रार करतात. स्पीकरमध्ये काहीच नाही.

"पुन्हा मार बघू टिचकी," मी ओरडून सांगितलं.

त्यानं मारली. काही नाही. मी त्याच्या हातातून पेन्सिल घेऊन त्याच व्हॉल्व्हवर मारली, तर घंटेसारखा वाजला.

"मी मारली की बोलतो, व्लास्ता."

"तू खाटकासारखी मारतेस. तू मारली तर दगडही बोलेल."

माणसाचं मन किती समजूतदार असतं! मी म्हटलं, याचा हात हलका. म्हटलं, याची बसायची जागा स्पीकरच्या मागच्या अंगाला आहे. त्याला उठवून माझ्या जागी बसवलं, खिडकीत ऊन चांगलं आहे म्हणून. तो बसला, वर्तमानपत्र झटकलं, खोकला. त्या खोकल्यानं कपाटातले ग्लास किणकिणले.

स्पीकरमध्ये नुसते ग्लास किणकिणले.

दुपारनंतर शेजारची ग्रोझ्दा मिरच्या सोलायला आली. तिच्या तोंडाला फाटक नाही, पण कान चांगले आहेत. मी म्हटलं, जरा गंमत करू या. तिनं टिचकी मारली, टण्ण. मग व्लास्तानं.

"चिडीचूप," ग्रोझ्दा म्हणाली. "अगं, तुझा नवरा मांजर झालाय की काय? सांभाळ हो, या वयात पुरुष असे हळू पावलांनी चालायला लागले की समजावं, दुसरीकडे जातायत!"

व्लास्ताला ऐकू आलं नाही, पण ती हसली म्हणून तोही हसला. मी मिरच्यांची सालं काढत राहिले. बोटं काळी झाली होती. ती मी धूत राहिले, पुन्हा पुन्हा.

४

रविवारी चर्चमध्ये लेपोसावाबाई भेटल्या. आमच्याकडे मेणबत्त्यांना दोन जागा असतात. जिवंत माणसांसाठी वर लावतात, गेलेल्यांसाठी खाली, वाळूत. मी व्लास्तासाठी वर लावत होते, त्या खाली वाकल्या होत्या. धूर एकच होता, तो दोन्हींकडून वर येत होता.

बाहेर पायऱ्यांवर मी सहज विचारावं तसं विचारलं, "चांगला रेडिओ आहे. विकता कशाला?"

"चांगला कुठला," त्या म्हणाल्या. "तुमचे मिस्त्री बोलले नाहीत? बिघडलाय. ओट्यावर चमचा ठेवला तरी टुण्णकन वाजायचा. वैताग यायचा नुसता." त्यांनी हातमोजा काढला, पुन्हा घातला. "माझाच चमचा तेवढा. आमच्या ह्यांचा नाही वाजायचा. शेवटी शेवटी तर ते शेजारी बसून अक्रोड फोडायचे, हातोडीनं, आणि रेडिओ आपला गप्प. मी त्यांना चिडवायचे. म्हणायचे, हात हळू झालाय हो तुमचा."

मी बोटांवरचं मेण खरवडलं.

"तुम्ही वाजवला नाहीत ना?" त्यांनी विचारलं.

"एरियल लावलेलं नाही," मी म्हणाले. आणि ते खरंच होतं.

५

ऑपरेशनआधीच्या रक्ततपासणीसाठी ग्रोझ्दाचा जावई व्लास्ताला गाडीतून दवाखान्यात घेऊन गेला. जाताना व्लास्ता दारातून बजावून गेला, "रेडिओ बंद करू नकोस. अर्धा दिवस तापू दे. तापल्यावरच खरा स्वभाव कळतो, माणसाचाही."

घरात मी एकटीच. खिडकीतून लख्ख ऊन, रस्त्यावर कुणीतरी लाकडं चिरत होतं. मी ऐवर, भाजलेल्या मिरच्यांची आमची चटणी, ढवळत होते. त्याला सोडून जाता येत नाही, लगेच लागतो तळाला. माझा डाव कढईला लागायचा आणि स्पीकरमध्येही लागायचा. मला सवय झाली होती. आपलीच सोबत, असं म्हणून मी मोठ्यानं प्रार्थना म्हणायला लागले.

तेवढ्यात कुणीतरी खोकलं.

मी डाव थांबवला. म्हटलं, जिन्यात असेल. दार उघडलं, जिना रिकामा. परत आले.

खोकला पुन्हा आला, स्पीकरमधून. आधी सुका, मग घशात अडकल्यासारखा, मग तो "हं", व्लास्ता खोकल्यानंतर स्वतःलाच म्हणतो तो. इतक्या वर्षांच्या संसारानंतर मी झोपेतही ओळखेन असा. मग खुर्ची ओढल्याचा आवाज. कर्कश, लांब. टेबलापुढची खुर्ची माझ्या डोळ्यांसमोर जागच्या जागी होती. तिच्या पाठीवर त्याचा स्वेटर लटकत होता, त्याची बाहीसुद्धा हलली नाही.

हिरवा डोळा मिटायला लागला. एरियल नव्हतं, स्टेशन नव्हतं, तरी काहीतरी जवळ येत असल्यासारखा तो दोन्हीकडून बारीक होत गेला. आत सपाता घासत होत्या. टेबलावरून हात फिरत होता, काहीतरी चाचपत, वस्तू सरकवत. चष्मा शोधताना तो असाच फिरतो.

मग, अगदी स्पीकरवरच्या जाळीच्या कापडापाशी, हळूच,

"बोलतो का गं?"

मी वायर ओढली.

पण व्हॉल्व्हचे रेडिओ वायर काढल्याबरोबर गप्प होत नाहीत. आत जरा ऊब उरते, ती संपेपर्यंत बोलतात. त्या उरलेल्या उबेत त्यानं पुन्हा विचारलं. लांबून, दुसऱ्या खोलीत गेल्यासारखं. त्याला उत्तर हवं होतं. मी रोज देते ते.

ऐवर तळाला लागला होता. वास घरभर झाला.

व्लास्ता जेवायच्या वेळी आला, खुशीत, हातात चीज भरलेल्या गरम बुरेकचा कागद. "रक्त घोड्याचं आहे म्हणाली नर्स. हा वास कसला? तू आणि ऐवर जाळलास? आता तुझंच ऑपरेशन करायला हवं." खुर्चीत बसला, बुरेक तोडला. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. खांदा गरम होता, हाडाचा, नेहमीचा. मी हात काढलाच नाही, तेव्हा तो म्हणाला, "काय गं? आज शुक्रवार ना? मग बुरेककडे अशी बघू नकोस, पेट्का बघतेय."

६

माझी आई म्हणायची, नवसात किंमत उघडी ठेवू नये. मेणबत्ती म्हण, तेल म्हण, अनवाणी येईन म्हण, पण काय देणार ते नाव घेऊन सांग. आमच्या गल्लीतली पोरसुद्धा हे जाणते. व्लास्तासुद्धा गिऱ्हाइकाला हेच सांगतो, की किंमत आधी ठरवा, मग वस्तू हलवा.

त्या संध्याकाळी मी दिव्यापुढे गुडघे टेकले आणि काय द्यावं ते मला सुचेना. मेणबत्ती? एवढ्या माणसाच्या बदल्यात मेणबत्ती? तेलाचा बुधला? मला लाज वाटली. ती माउली आहे, तिच्याशी घासाघीस कसली करायची, असं वाटलं. मागे व्लास्ता वर्तमानपत्र वाचत होता आणि पानं उलटत होता. रेडिओ बंद होता, तरी माझे कान त्याच्या जाळीकडेच लागले होते.

"त्याचं जे तिकडे गेलंय ते परत आण," मी म्हटलं. "बदल्यात काय घ्यायचं ते तूच बघ."

वात एकदा तडतडली. मला फार बरं वाटलं. खरंच सांगते, कितीतरी दिवसांनी मला गाढ झोप लागली.

७

चाळिसाव्याचे विधी चर्चमध्ये आटोपून लेपोसावाबाई आमच्याकडे आल्या, हातात उकडलेल्या गव्हाचं गोड ताट, वर साखर आणि अक्रोड. रेडिओ न्यायचा होता आणि किंमत ऐकायची होती.

"आता वाजवायला हरकत नाही," त्या म्हणाल्या.

व्लास्तानं वीज चढवली. डोळा उघडला. त्यानं पेन्सिल घेतली, एखाद्या जादूगारासारखी हवेत फिरवली आणि टिचकी मारली.

टण्ण!

"बोलतो का गं?"

"बोलतो!" मी ओरडले. "बोलतो, व्लास्ता, बोलतो!" माझ्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं.

त्याचा चेहरा पडला. "अरेच्चा. इतके दिवस मुका होता की." त्यानं पुन्हा मारली. टण्ण. वैतागून खोकला. स्पीकर खोकला. खुर्ची ओढली आणि त्या पेटीतून अशी कर्कश किंचाळी आली की मी हसायला लागले. "किंमत निम्म्यावर आली आणि ही हसतेय," तो लेपोसावाबाईंना म्हणाला. "बाई, माफ करा. बायको उपासानं हलकी झालीय."

"पडू दे किंमत," लेपोसावाबाई म्हणाल्या. त्या मला निरखत होत्या. "घ्या. त्यांच्या नावानं."

मी क्रूसाची खूण केली, चमचाभर गहू घेतला, देव त्यांना क्षमा करो म्हटलं, खाल्ला, आणि रीतीप्रमाणे उष्टा चमचा पाण्याच्या ग्लासात टाकला. ग्लास छान किणकिणला. मला ऐकू आला, स्पीकरला नाही.

लेपोसावाबाईंनी रेडिओकडे पाहिलं. मग ग्लासकडे. मग माझ्याकडे. मी चमचा उचलला आणि पुन्हा टाकला, जरा जोरात.

व्लास्ता पलीकडे नाक शिंकरत होता. ते सगळं स्पीकरमध्ये होतं.

लेपोसावाबाईंनी माझा हात हातात घेतला. "हळू झालाय," त्या एवढंच म्हणाल्या. आणि निघताना दारात, "रविवारी तुमच्यासाठी मेणबत्ती लावीन." वर की खाली, ते मी विचारलं नाही.

८

ऑपरेशन उत्तम झालं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, असं हृदय तरुणाचंही नसतं. मी अनवाणी पेट्काच्या मठात जाऊन आले. दुखतंखुपतं मला काहीच नाही, सगळे म्हणतात चेहऱ्यावर तेज आलंय. तिच्या हिशेबावर माझा भरवसा आहे. मी आनंदात आहे. फक्त आता नवीन रेडिओ आला आणि व्लास्ता म्हणाला की तू मार टिचकी, तर मी म्हणते, तूच मार.

काल त्यानं आपला शब्द पाळला. सकाळी, दिवा लागल्यावर, कॉफीआधी, त्यानं कपाटातून ते खोकं काढलं, यंत्र कानात बसवलं आणि बटण दाबलं.

"आई गं!" तो ओरडला. स्वतःच्या आवाजानं दचकला आणि खदखदून हसला. मग बोट वर करून ऐकायला लागला, शाळेतल्या पोरासारखा. "कबुतर! ...ही कॉफी. कॉफी उकळताना आवाज होतो होय? ...ही ग्रोझ्दा, भिंतीपलीकडे. देवा, ही बाई अजूनही बोलतेच आहे!" त्यानं टेबल वाजवलं, कप वाजवला. डोळ्यांत पाणी आलं होतं त्याच्या.

मग तो माझ्याकडे वळला.

"आता तू. इतकी वर्षं माझ्या कानाशी ओरडत आलीस. आता हळू बोल, साधं बोल. तुझा आवाज ऐकायचाय मला. बोल ना गं."

"बोलतेच आहे मी, व्लास्ता," मी म्हणाले. "केव्हाची बोलतेय."

तो यंत्राचा कान माझ्याकडे करून, मान जरा कलती करून, हसऱ्या चेहऱ्यानं, माझ्याकडे बघत वाट पाहत राहिला.